पराभवाचा वारसा

मुंबईहून निघालेला लोहमार्ग कल्याणास पोहोंचला कीं त्याचा एक फांटा पुण्याची वाट धरतो. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील क्रिकेटप्रेमी कुटुंबांची निष्ठाही अशीच मुंबई आणि पुणें यांमध्यें विभागलेली असते. इंडियन प्रीमियर लीगमध्यें आमच्या या शहरांच्या नांवाचा संघ नाहीं. म्हणून जयाचा हर्ष काय आणि पराजयाची खंत काय, दोन्ही आम्हांस शेजाऱ्यांकडून उसनीं आणावीं लागतात.

२०११ सालीं मात्र पराजय आपण होऊन आमच्या जिल्ह्यांत राहावयास आला. सहारा समूहानें आदल्या वर्षीं ३७ कोटी डॉलर देऊं करून मिळविलेल्या ‘पुणे वॉरियर्स’ या संघाचें गहुंजे येथील मैदान अद्याप तयार नव्हतें. म्हणून त्यानें आपलें बिऱ्हाड ठाणें जिल्ह्यांतील नेरूळास, डी. वाय. पाटील मैदानावर, थाटलें. पहिले दोन सामने त्यानें तेथेंच जिंकले आणि पुढचे सात ओळीनें गमावले. दहा संघांत त्याचा क्रमांक नववा लागला. पुढील वर्षीं गहुंज्यास स्वतःचें घर मिळालें, सौरव गांगुलीसारखा नामांकित नायक मिळाला, तरी नऊ संघांत तो अगदीं तळाशीं राहिला. २०१३ सालीं बंगलोर येथें एकट्या ख्रिस गेलनें त्याच्याविरुद्ध नाबाद १७५ धावा कुटल्या. तीन वर्षांचा जमाखर्च असा: सामने ४६, विजय १२, पराजय ३३, आणि एक सामना निकालावांचून.

इतक्या पराजयांनंतर प्रेक्षक चिडला तर त्यांत नवल तें काय, असें वाचक म्हणतील. परंतु आमच्या मतें त्याचें खरें दुःख निराळेंच आहे. २०१३ च्या मे महिन्यांत शुल्कावरून नियामक मंडळाशीं वाद होऊन मालकांनीं अंग काढून घेतलें. ऑक्टोबरांत मंडळानें करार रद्द केला, आणि संघ नाहींसा झाला. २०१६ सालीं पुण्याच्या नांवानें दुसरा संघ आला. २०१७ च्या अंतिम सामन्यांत तो मुंबईकडून अवघ्या एका धावेनें हरला. आणि त्याची मुदतच दोन वर्षांची असल्यामुळें त्या एका धावेचा वचपा काढावयास तो पुन्हा उभा राहिला नाहीं.

पराजय सोसावयास पुढचें वर्ष असावें लागतें. मुंबईचा संघ २०२२ सालीं पहिले आठही सामने हरून दहांत दहावा आला. पण दुसऱ्याच वर्षीं त्यानें बादफेरी गांठली व चाहत्यांचा राग निवळला. रणजी करंडकांतील महाराष्ट्राच्या संघाचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखालीं १९३९-४० व १९४०-४१ असे दोनदां विजय मिळविल्यावर कित्येक दशकें करंडकानें त्यास हुलकावणीच दिली. १९४८-४९ च्या उपांत्य सामन्यांत पुण्यास दोन्ही पक्षांच्या मिळून २३७६ धावा झाल्या, तरी मुंबईनें त्यास ३५४ धावांनीं हरविलेंच. १९९२-९३ व २०१३-१४ सालीं अंतिम सामन्यांत घास ओठांशीं येऊन गेला. तथापि तो संघ टिकून आहे. म्हणून आजोबा देवधरांच्या गोष्टी सांगतात आणि नातू यंदाच्या संघाकडे आशेनें पाहतो.

नेरूळास त्या वर्षीं ज्या मुलांनीं वॉरियर्सची कड घेतली, तीं आतां मोठीं झालीं आहेत. धाकट्या भावंडांच्या हवालीं करावा असा संघ त्यांच्यापाशीं उरलेला नाहीं.