मोर्तब सुद

जुन्या मराठी राजपत्राला दोन ठिकाणी बांध घातलेला असतो. वर राजाचा किंवा प्रधानाचा शिक्का, आणि मजकूर संपतो तिथे दुसरा, लहान शिक्का, तो मोर्तब. मागाहून कोणी एखादी ओळ घुसडली तर ती मोर्तबाच्या खाली पडते आणि घुसडणारा उघडा पडतो. शिवकालीन मोर्तबावरचा मजकूरही तेवढेच सांगतो: पत्राची मर्यादा इथे आहे. पत्र लांबलचक असेल तर कागदाचे अनेक बंद एकाखाली एक चिकटवत आणि पाठीमागून जोडावर शिक्का उठवत, अर्धा या बंदावर, अर्धा त्या बंदावर. मधला बंद बदलायचा म्हटले की शिक्क्याचे दोन अर्धे भाग जुळत नाहीत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर दरबारची मोडी कागदपत्रे जपलेली आहेत, ती याच परंपरेतली. शिक्का हा शब्द आपल्याकडे अरबी ‘सिक्का’वरून आला, म्हणजे नाण्याचा ठसा. मोर्तब हे अरबी ‘मुरत्तब’चे मराठी रूप, म्हणजे नीट रचलेले, मार्गी लावलेले. पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ असा शेरा दिसतो, त्यातला ‘सुद’ म्हणजे फारसी ‘शुद’, अर्थात झाले. आज निवडणुकीच्या उमेदवारीवर शिक्कामोर्तब होते असे आपण सहज म्हणतो, पण त्यातल्या मोर्तबाचे काम काय होते हे विसरून गेलो आहोत.

ते काम आज जगात सगळ्यात जास्त होते ते वेब सर्व्हरवर. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ येते, तेव्हा मागे दोन गोष्टी झालेल्या असतात: सर्व्हरने आपले सर्टिफिकेट दाखवलेले असते, आणि पुढचा सगळा मजकूर बंद लिफाफ्यात, मध्ये कोणी अक्षर बदलले तर कळेल अशा बेताने, चाललेला असतो. सर्टिफिकेटात फार काही नसते. हे डोमेन, म्हणजे साइटचे नाव, ही त्याची जाहीर किल्ली, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, आणि खाली देणाऱ्या संस्थेची सही. त्या सहीवर वरच्या संस्थेची सही, असे करत साखळी ब्राउझरला आधीपासून ठाऊक असलेल्या मूळ संस्थेपर्यंत जाते. जोडावरच्या शिक्क्यांचेच हे गणिती रूप. नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९५ साली ही पद्धत बाजारात आणली आणि तेव्हापासून पुढची वीस वर्षे सर्टिफिकेट विकत घ्यायची वस्तू राहिली. तिच्यात पैसाही बक्कळ होता. दक्षिण आफ्रिकेतली थॉट ही सर्टिफिकेट देणारी कंपनी १९९५ मध्ये सुरू झाली आणि १९९९ च्या अखेरीस व्हेरीसाइनने ती पन्नास कोटी डॉलरहून जास्त किमतीला घेतली.

हे सर्टिफिकेट पुढे फुकट झाले ते कोणी उदार झाले म्हणून नव्हे. आधी त्यातला कारकून काढला गेला, आणि कारकून गेल्यावर किमतीला आधारच उरला नाही. या कथेत फुकटपणालाच नायक करण्याची चाल आहे, ती मला चुकीची वाटते. सुरुवातीला सर्टिफिकेट मागणाऱ्या कंपनीची कागदपत्रे माणूस तपासत असे, फोन करत असे. त्या श्रमाचे पैसे घेणे रास्तच होते. पण २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच स्वस्त प्रकार निघाला: डोमेनच्या व्यवस्थापकाच्या पत्त्यावर एक ईमेल, त्यातल्या दुव्यावर टिचकी, आणि सर्टिफिकेट हातात. तपासणारा माणूस त्यातून तेव्हाच गेला होता, दरवर्षीचे शुल्क मात्र राहिले. पुढची दहाएक वर्षे ग्राहक जे पैसे मोजत होता ते तपासणीचे नव्हते. शिक्का ज्याच्या पेटीत, त्याच्या पेटीचे ते भाडे होते.

कोल्हापुराला हा प्रकार नवा वाटू नये. गावाचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या वतनदार कुलकर्ण्याच्या घरी असे, आणि त्याच्या लिहिण्यावाचून जमिनीची नोंद पुरी होत नसे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानातली कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. कुलकर्ण्यांनी कडवा विरोध केला. मोडी वाचणे, हिशेब ठेवणे हे कसब होतेच, ते कोणी नाकारत नव्हते. महाराजांचा रोख त्या कसबावर नव्हता, ते एका घराण्याच्या कोठीत कोंडले गेले होते यावर होता. तुलना फार ताणू नये, कारण जातीच्या वर्चस्वाचा जो पदर तिथे होता तो सर्टिफिकेटाच्या धंद्यात नाही. पण दप्तर हाच हक्क झाला की नोंद महाग होते, हे दोन्हीकडे सारखे.

सर्टिफिकेटाचा तलाठी आला २०१५ मध्ये. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातली काही मंडळी दोन वेगवेगळ्या वाटांनी यंत्राने फुकट सर्टिफिकेट देण्याच्या कल्पनेपाशी आली होती. जॉश आस, एरिक रेस्कोर्ला, पीटर एकर्सली आणि अ‍ॅलेक्स हाल्डरमन ही त्यातली नावे. त्यांच्या ना-नफा संस्थेने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या फुकट सर्टिफिकेट सेवेची घोषणा केली, १४ सप्टेंबर २०१५ ला पहिले सर्टिफिकेट दिले आणि ३ डिसेंबरला दार सगळ्यांना उघडले. त्यांनी बांधलेली खरी वस्तू म्हणजे अ‍ॅकमी नावाची बोलण्याची रीत. मार्च २०१९ मध्ये ती इंटरनेटचे अधिकृत मानक झाली, क्रमांक ८५५५. रीत साधी आहे. सर्व्हर म्हणतो, मला या नावाचे सर्टिफिकेट हवे. संस्था एक अर्थहीन अक्षरमाळ देते आणि सांगते, ही चिठ्ठी माझ्याकडे नोंदवलेल्या तुझ्या खात्याच्या किल्लीच्या खुणेशी जोडून तुझ्याच डोमेनवर, ठरलेल्या एका पत्त्यावर, ठेव. मग ती स्वतः तिथे जाऊन वाचते. २०२० पासून तर ती जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचते, म्हणजे एकाच वाटेवर कोणी खोटी पाटी लावली तर फसगत होऊ नये. चिठ्ठी जुळली की सर्व्हर आपली जाहीर किल्ली पाठवतो आणि त्यावर सही होऊन येते. तिची जोडीदार खासगी किल्ली सर्व्हर सोडून कुठेही जात नाही. सगळे मिळून काही सेकंद लागतात.

जावास्क्रिप्टवाल्यांसाठी मात्र यात एक वेगळी अडचण होती आणि तिच्यातूनच सर्टिफिकेट आणणाऱ्या प्रोग्रामांची एक शाखा फुटली. अपाची किंवा एनजिनएक्स वापरणाऱ्याकडे सर्व्हर वेगळा, वेबसाइटचा प्रोग्राम वेगळा. सर्टिफिकेट आणणारे हत्यार फायली एका फोल्डरात ठेवते आणि सर्व्हरला पुन्हा वाचायला सांगते. रायन डालने २००९ मध्ये जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर सर्व्हरवर चालवणारे नोड आणले तेव्हा हा भेदच मिटला. नोडमध्ये दहा ओळींचा प्रोग्राम स्वतःच सर्व्हर असतो. मग शिक्का मागायला बाहेरचा नोकर कशाला? लेट्स एन्क्रिप्ट खुले झाले त्याच सुमारास जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेले ग्राहक-प्रोग्राम आले. त्यातला एक पुढे ‘ग्रीनलॉक’ नावाने ओळखला गेला, त्या काळच्या ब्राउझरमधल्या हिरव्या कुलपावरून. युक्ती नोडच्या पोटातच होती. सुरक्षित जोडणी सुरू होताना ब्राउझर आधी डोमेनचे नाव सांगतो, आणि कोणत्या नावाला कोणते सर्टिफिकेट दाखवायचे हे ठरवायला नोड आपल्याला एक फंक्शन लिहू देतो. त्या फंक्शनमध्येच विचारायचे: या नावाचे सर्टिफिकेट आहे का, मुदत जवळ आली आहे का? नसेल तर अ‍ॅकमीची सगळी देवाणघेवाण तिथल्या तिथे उरकायची, चिठ्ठीचा पत्ताही त्याच प्रोग्रामने पुरवायचा, आणि सर्व्हर न थांबवता नवे सर्टिफिकेट पुढे करायचे. पण इथे एक कडी घालावीच लागते, ती म्हणजे मान्य नावांची यादी. ती नसेल तर कोणीही आपली शेकडो डोमेने तुमच्या सर्व्हरकडे वळवू शकतो. तुमचा प्रोग्राम भाबडेपणाने प्रत्येकासाठी अर्ज करत सुटतो आणि संस्थेने अर्जांवर घातलेली मर्यादा तुमच्या नावावर संपते. एकच प्रोग्राम चार प्रक्रियांत चालवणाऱ्यांनाही ही ठेच लागते, कारण चौघेही एकाच नावासाठी वेगवेगळा अर्ज करतात. कारकून काढला तरी त्याची शहाणीव कुठेतरी लिहून ठेवावी लागते, ती अशी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: फुकटचा शिक्का भामट्यांनाही मिळतो. मिळतो, हे खरे आहे. बँकेसारखी दिसणारी खोटी साइट आज बिनदिक्कत एचटीटीपीएसवर चालते. पण हा आक्षेप शिक्क्याला भलते काम सांगतो. सातबाऱ्यावर नाव असणे म्हणजे जमीनमालक सज्जन असल्याचा दाखला नव्हे, आणि तलाठ्याने तो तसा देऊही नये. सर्टिफिकेट एवढेच सांगते की तुम्ही ज्या डोमेनचे नाव टंकले त्याच्याशीच बोलत आहात आणि मधला कोणी ऐकत नाही. ब्राउझर बनवणाऱ्यांनाही हे उशिरा उमगले. क्रोमने २०१८ मध्ये हिरवा रंग काढला आणि २०२३ मध्ये कुलपाचे चिन्हच काढले, कारण लोक त्याचा अर्थ ‘साइट भरवशाची’ असा लावत होते. ग्रीनलॉकच्या नावातले हिरवे आणि कुलूप दोन्ही गेले, नाव तेवढे राहिले.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. माणसाची तपासणी यंत्राहून खोल नसते का? पुरावा मात्र उलट साक्ष देतो. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या सर्टिफिकेट संस्थेत घुसखोरी होऊन पाचशेहून अधिक खोटी सर्टिफिकेटे निघाली, इराणमधल्या गूगल वापरणाऱ्यांवर पाळत ठेवायला ती वापरली गेली, आणि संस्था बुडाली. जुलै २०१४ मध्ये आपल्याच देशात, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या शिक्क्याने गूगलच्या डोमेनांची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाल्याचे गूगलला आढळले. ती साखळी भारत सरकारच्या नियंत्रकापर्यंत जात होती. नियंत्रकाला ती लगोलग रद्द करावी लागली. २०१७ मध्ये एका संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ‘स्ट्राइप’ नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि त्याच नावाच्या प्रसिद्ध पेमेंट कंपनीला मिळते तसे, माणसाने कागद पाहून दिलेले वरच्या दर्जाचे सर्टिफिकेट मिळवले. कागद सगळे खरे होते. यंत्रही फसते, हे मान्य करायला हवे. अ‍ॅकमीमधली पडताळणीची एक रीत सामायिक होस्टिंगवर फसवता येते असे जानेवारी २०१८ मध्ये दिसले. पण ती रीत लगेच बंद झाली आणि दोष पडताळणीच्या नियमात सापडला, म्हणून तो सगळ्यांसाठी एकदम दुरुस्त झाला. टेबलावरचा माणूस चुकला तर चूक त्या टेबलापुरती असते असे वाटते, आणि म्हणूनच पुढच्या टेबलावर ती पुन्हा होते.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. कुलकर्णी गेले, पण सगळ्या गावांना एकच तलाठी झाला तर? फेब्रुवारी २०२० पर्यंत लेट्स एन्क्रिप्टने एक अब्ज सर्टिफिकेटे दिली होती. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या प्रोग्राममधली एक चूक सापडली आणि तीस लाखांहून जास्त सर्टिफिकेटे रद्द करण्याची पाळी आली. ठरल्या मुदतीत निम्म्याहून थोडी अधिकच बदलून झाली. उरलेली रद्द केली असती तर लाखो साइटी एका रात्रीत बंद पडल्या असत्या, म्हणून संस्थेनेच हात आखडता घेतला. दिलासा एवढाच, की अ‍ॅकमी ही उघडी रीत आहे. तीच भाषा बोलून फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या गूगलसारख्या दुसऱ्या संस्थाही आता आहेत, आणि चांगल्या प्रोग्रामात संस्थेचा पत्ता बदलणे एका ओळीचे काम असते. नोडवाल्यांपुरते बोलायचे तर पुष्कळ जण आता सर्टिफिकेटाचे काम पुढे उभ्या केलेल्या एनजिनएक्स किंवा कॅडीसारख्या सर्व्हरवर सोपवतात आणि नोडला मागे मोकळे ठेवतात. मोठ्या पसाऱ्याला ते बरेच. एका यंत्रावरच्या एका लहान साइटीला प्रोग्रामच्या पोटातली कळ पुरते.

राहता राहिली मुदत. लेट्स एन्क्रिप्टने पहिल्या दिवसापासून ९० दिवसांचेच सर्टिफिकेट दिले, तेव्हा बाजारात दोन-तीन वर्षांची मिळत. लोकांना हा जाच वाटला, पण तो मुद्दाम केलेला होता. चोरीला गेलेली किल्ली तीन महिन्यांत आपोआप निकामी होते, आणि इतक्या वेळा हाताने कोणी काम करणार नाही म्हणून सगळ्यांना यंत्र लावणे भाग पडते. आता सगळा धंदा त्याच वाटेला आला आहे. ब्राउझर आणि सर्टिफिकेट संस्थांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलेल्या वेळापत्रकानुसार कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे विकतचे घ्या की फुकटचे, वर्षात आठ वेळा बदलावेच लागेल. कोल्हापुरात ज्यांच्या सर्व्हरचे सर्टिफिकेट अजून कोणीतरी कॅलेंडरवर खूण करून हाताने बदलते, त्यांनी ते आपोआप बदलणारी कळ याच वर्षी बसवून घ्यावी, आणि बसवताना मान्य नावांची यादी विसरू नये.