‘रामराज्यवियोग’ : संगीत नाटकातील गांभीर्याचा प्रश्न

मराठी संगीत नाटकाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तीन संगीत नाटकांपैकी दोहोंची चर्चा विस्ताराने होते. तिसऱ्याचा उल्लेख कालक्रम पुरा करण्यापुरता येतो. पदव्युत्तर वर्गांतही ‘रामराज्यवियोग’ बहुधा दोन वाक्यांत आटोपते. १८८४ मध्ये त्याचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेबांचे निधन झाल्याने ते अपुरेच राहिले. मात्र या उपेक्षेचे कारण केवळ अपुरेपणात शोधणे पुरेसे नाही. या नाटकाने उभा केलेला प्रश्नच आपल्या समीक्षेने टाळला आहे.

‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) यांचा शेवट मीलनात होतो. विरह दोहोंतही आहे; पण तो संपणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, आणि म्हणूनच विरहाचे पद तो निश्चिंतपणे पुन्हा ऐकू शकतो. ‘वन्स मोअर’ची प्रथा या निश्चिंतीवरच पोसली गेली. ‘रामराज्यवियोगा’त मात्र वियोग हाच विषय आहे. राज्याभिषेकाच्या तयारीतून वनवास उद्भवतो, आणि शोक येथे शृंगाराचा संचारी न राहता नाट्याचा गाभा होतो. अशा ठिकाणी पद थांबवून पुन्हा गायला लावता येईल काय?

या संदर्भात युरोपातील एक उदाहरण उद्बोधक ठरते. रोसिनीचा ‘तांक्रेदी’ हा आरंभीचा गंभीर ऑपेरा ६ फेब्रुवारी १८१३ रोजी व्हेनिसमध्ये झाला. तेव्हा संगीतकाराला एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. व्होल्तेरच्या मूळ शोकांतिकेचा शेवट त्यात सुखान्त करून घेतला होता. पुढच्याच महिन्यात फेरारा येथे नायकाच्या मृत्यूचा मूळ शेवट परत आणला गेला. तो प्रेक्षकांना रुचला नाही, आणि त्याचे संगीत विस्मृतीत जाऊन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच पुन्हा हाती आले. त्या शेवटाचे वैशिष्ट्य असे, की मरणाऱ्या वीराला गळ्याची करामत दाखवण्यास वावच ठेवलेला नाही. तंतुवाद्यांच्या विरळ साथीवर काही तुटक स्वर, आणि मग शांतता. शोक गंभीर व्हायचा असेल तर गाण्याने माघार घ्यावी लागते, हे त्या तरुण संगीतकाराने ओळखले होते; टाळ्यांना मात्र ते मानवले नाही. (त्या वीराची भूमिका एका स्त्रीने केली होती. आपल्या शकुंतला-सुभद्रा पुरुषांनी केल्या, हे आठवले म्हणजे स्वराचे लिंग आणि भूमिकेचे लिंग ही फारकत दोन्हीकडे किती सहज होती, ते कळते.)

अण्णासाहेबांनी निवडलेला मार्ग वेगळा होता, आणि तो मला अधिक धाडसाचा वाटतो. सुभद्रा म्हणून ज्यांच्या गळ्यावर महाराष्ट्र लुब्ध झाला होता, त्या भाऊराव कोल्हटकरांना ‘रामराज्यवियोगा’त मंथरेची भूमिका मिळाली. हा केवळ नटसंचाच्या सोयीचा भाग असेल असे म्हणता येईल. मंडळीच्या व्यवहारात सोयीला महत्त्व असतेच. परंतु परिणाम लक्षात घ्यावा. ज्या स्वराला प्रेक्षक शरण जातो, तोच स्वर आता कुटिलतेच्या बाजूला उभा आहे. गोडव्याने भुलणारा प्रेक्षक आणि मंथरेच्या शब्दाने भुलणारी कैकेयी यांच्यात अंतर फारसे उरत नाही. गाण्याला माघार न घ्यायला लावता गाण्याविषयीच संशय निर्माण करणे, हे गांभीर्य संगीत नाटकाच्या चौकटीतूनच उपजलेले आहे. ‘शाकुंतला’तील सुमारे दोनशे पदांत याची चाहूल लागत नाही.

पुढे ही वाट चालली गेली नाही. देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) सामाजिक वेदना आहे, पण शेवटी सुटका आहे. ‘एकच प्याला’ (१९१९) ही खरी शोकांतिका. तिची पदे मात्र गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. शोक एकाने लिहिला आणि गाणे दुसऱ्याने, ही विभागणी योगायोगाची असली तरी बोलकी आहे. बालगंधर्वांच्या सिंधूच्या पदांना मिळालेली दाद सिंधूच्या दैन्याला होती की गंधर्वांच्या गळ्याला, हे कोण सांगणार? मंथरेच्या पदापाशी हा प्रश्न प्रेक्षकावर उलटवण्याची जी शक्यता अण्णासाहेबांनी निर्माण केली होती, ती तीन अंकांतच अडकून पडली.