पिनातुबोची राख मोजताना

मे १९९१. फिलिपाईन्समधल्या लुझॉन बेटावर, पिनातुबोच्या पायथ्याशी साकोबिया नदीच्या घळीत तुम्ही उभे आहात. २ एप्रिलला डोंगराने वाफ आणि राख उडवली, तेव्हापासून सगळी घाई चालली आहे. समोरच्या दरडीतून कोळशाचा तुकडा निघतो. पूर्वीच्या उद्रेकात जळालेलं झाड. सुमारे ५०० वर्षांपूर्वी हा डोंगर शेवटचा मोठा फुटला, हे अशाच कोळशांवरून कळलं. दरडीचा थर कुठवर पोचला ते बघत तुम्ही खाली चालत जाता, आणि जिथे तो संपतो तिथे नकाशावर रेघ मारता. तेव्हा जिथवर आग पोचली, तिथवर आताही पोचू शकते, हिशेब एवढाच. फिव्होल्क्स ही इथली ज्वालामुखी-संस्था आणि अमेरिकन भूवैज्ञानिक मिळून २३ मे रोजी तो नकाशा प्रसिद्ध करतात. त्या रेघांच्या आतली माणसं वेळेत हलवली जातात. हजारो जीव वाचतात.

आता १५ जूनची दुपार, ओलोंगापो शहर. पावणेदोनच्या सुमारास डोंगर पूर्ण ताकदीने फुटतो आणि भर दुपारी अमावस्या होते. तुम्हाला आपलाच हात दिसत नाही. पत्र्यावर आधी वाळू पडल्यासारखं वाजतं, मग तो आवाज बसका होत जातो, कारण आता चिखल पडतोय. आजच युन्या वादळ बेटावरून चाललंय. कोरडी राख सच्छिद्र. पाणी प्यायली की दुप्पट जड. दहा सेंटीमीटर ओल्या थराचं ओझं चौरस मीटरला दीडशे किलोच्या घरात जातं. वासे करकरतात. वर पाऊस, खाली भूकंपाचे धक्के, आणि आसऱ्यासाठी लोक शिरलेत ते नेमके मोठ्या, रुंद छपरांखाली. उद्रेकाच्या त्या दिवसांत जे मेले, त्यातले बहुतेक छपराखाली सापडून. आगीच्या लोटाची रेघ बरोबर होती. पण छपरांचा नकाशा कुणाकडेच नव्हता, आणि वादळ याच दिवशी येईल हे कुठल्या दरडीत लिहिलेलं असणार?

काही दिवसांनी तुम्ही पट्टी आणि खुरपी घेऊन बाहेर पडता. पावसाने राख दबते, वाहते, लोक ती छपरावरून ओढून काढतात, म्हणून मोजणी आत्ताच व्हायला हवी. पाय न लागलेली सपाट जागा शोधायची. झाडाखालची नको, उताराची नको. उभा काप घेतला की दिवस वेगळे दिसतात: तळाशी १२ जूनपासूनच्या स्फोटांची बारीक करडी राख, वर १५ तारखेचे भरड, हलके खडे, त्यावर पुन्हा बारीक धूळ. जाडी लिहायची, सर्वांत मोठे खडे मोजायचे. खडा जितका दूर जाऊन पडला, तितका राखेचा खांब उंच गेलेला. शेवटी सारख्या जाडीची ठिकाणं रेषेने जोडायची.

खरं तर या दिवसांत वरचा वारा पूर्वेकडून असतो, तेव्हा रेषा पश्चिमेला लांबत जाव्यात. वादळाच्या फिरत्या वाऱ्याने मात्र राख सगळ्या दिशांना उधळली आहे. म्हणून पुढच्या उद्रेकासाठी हा नकाशा जसाच्या तसा वापरणं माझ्या मते धोक्याचं. यात डोंगर निम्मा आहे, त्या दिवशीची हवा निम्मी. धोका सांगायचा तर जाडीशेजारी ओलं वजन लिहावं लागेल, त्याशेजारी छपराचा प्रकार, आणि वाऱ्याच्या दिशा एक नव्हे, पुष्कळ धराव्या लागतील.

पश्चिमेच्या किनाऱ्याशी येऊन तुमची पेन्सिल थांबते. बहुतेक राख दक्षिण चीन समुद्रात गेली आहे, तिथे पट्टी लावणार कुठे? कागदावरच्या रेषा त्या बाजूला उघड्याच राहतात. पुढे काही वर्षांनी जहाजं समुद्रतळातून गाळाचे नमुने वर काढतील, त्यात १९९१ चा करडा थर सापडेल, आणि तेव्हा कुठे त्या रेषा पाण्यावरून पुढे नेता येतील.