मृगाची वाट

पहाटे जाग येते आणि पहिली गोष्ट जाणवते ती ही, की विहिरीवर मोट चालत नाही. साल १९५२. काटोलजवळचा संत्र्याचा बगीचा, कवेलूचं घर, अंगणात बाज आणि बाजेवर तुम्ही. जून लागलाय. झाडांची पानं सुरळ्या होऊन लोंबताहेत, बरीच गळलीत. तुमचा हात आपसूक पाण्याच्या गडव्याकडे जातो.

“नका टाकू भाऊ,” घरधनी आजोबा म्हणतात. “ताण देऊन राहिलो. दीड महिना झाला.”

तहानेनं झाड वाढ थांबवतं, बळ साठवून ठेवतं आणि मृगाचा पाऊस पडला की ते सगळं फुलांत ओततं. हाच मृगबहार. पाऊस लांबला, तर झाडंच वाळतील. म्हणून आजोबा दिसेल त्या जिवाला पावसाचं विचारत हिंडतात.

ते तुम्हाला धुऱ्यावर नेतात. तुम्हाला नुसते खडे दिसतात. टिटवी ओरडत डोक्यावर झेपावते, तेव्हा कुठे त्यातले चार ठिपकेदार खडे अंडी होतात. “उंचावर घातली. पाणी भरपूर येते,” आजोबा म्हणतात. त्यांचा तो विश्वास आहे. दूर आंब्यात पावश्या ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ म्हणत आवाज चढवत नेतो.

मृग निघतो. एका दुपारी वारा पडतो, आभाळ काळवंडतं आणि पाऊस कोसळतो. दुसऱ्या सकाळी ओल्या मातीवर लाल मखमलीचा ठिपका चालताना दिसतो. मृगाचा किडा! तळहातावर घ्या. तो आठही पाय पोटाशी ओढून निपचित पडतो, मग हळूच एकेक पाय बाहेर काढतो. वर्षातला बहुतेक काळ तो मातीखाली असतो. पहिल्या पावसाची ओल त्याला वर आणते. आजोबा त्याला पाहतात आणि पहिल्यांदा हसतात.

श्रावणात झाडांवर हिरवी फळं धरलेली असतात. परसातल्या लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसते. ती हलते. लिंबाळी फुलपाखराची अळी! बोट लावताच डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. शेजारच्या पानावरची मोठी अळी मात्र पानासारखीच हिरवीगार आहे.

“बगीच्यातल्या मी वेचून काढते,” आजी सांगते, “नवी पालवी खातात. या झाडावरच्या राहू देते.”

कार्तिकात परीट पक्षी शेपटी हलवत अंगणात उतरतात. फाल्गुनात धुऱ्यावरचा पळस पेटतो आणि मृगबहाराची संत्री तोडणीला येतात. जूनमधली ती तहान आता फोडीफोडीत गोड झालेली असते.

तुम्ही आजच्या नागपुरात परतता. गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीत पानं कुरतडलेली असतात. हातात फवारणीची बाटली असते. वाकून पाहा. पानावर विष्ठेचा एक ठिपका आहे, आणि तो हलतोय. बाटली खाली ठेवा. हे झाड त्याचं असू द्या.