शेंबडाचं कूळ

लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलातल्या एका प्रयोगवहीत नोव्हेंबर १९२१ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एका गोलसर जंतूची नोंद केली. जंतू आला होता त्यांच्याच नाकातून. फ्लेमिंगना सर्दी झाली होती आणि त्यांनी आपला शेंबूड एका बशीत, जंतूंच्या खाद्यावर पसरून ठेवला होता. बशीत पिवळ्या ठिपक्यांची दाटी झाली. पण जिथे शेंबडाचा गोळा पडला होता तिथे एकही ठिपका नव्हता, आणि त्याच्या आसपासचे ठिपके वितळल्यासारखे पारदर्शक झाले होते.

स्वतःचा शेंबूड तपासायची बुद्धी कुणाला का व्हावी? त्याचं उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. फ्रान्समधल्या बुलोन्य इथे फ्लेमिंग आणि त्यांचे गुरू सर आल्मरॉथ राइट जखमी सैनिकांच्या पुवात अडकलेले जंतू तपासत होते. त्या वेळी जखमेत कार्बोलिक आम्लासारखी जंतुनाशकं ओतायची पद्धत होती. फ्लेमिंगनी काचेच्या नळीला वेडीवाकडी टोकं काढून तोफगोळ्याच्या जखमेची नक्कल तयार केली आणि दाखवून दिलं, की औषध त्या कानाकोपऱ्यांत पोचत नाही. उलट ते जंतूंच्या आधी शरीराच्या पांढऱ्या पेशी मारतं. म्हणजे बाहेरून ओतलेलं औषध घरच्याच शिपायांना मारणार. मग शरीर स्वतः काय वापरतं? हा प्रश्न घेऊन माणूस युद्धावरून परतला. तो नाकापर्यंत पोचायला तीन वर्षं लागली एवढंच.

फ्लेमिंग टापटिपीचे नव्हते. वापरलेल्या बशा ते आठवडे-आठवडे टेबलावर राहू देत आणि टाकण्याआधी एकेक निरखून पाहत. सात वर्षांनी पेनिसिलिनची बुरशी सापडली तीही अशाच एका पडून राहिलेल्या बशीत. पण तेव्हा ‘जंतू वितळलेत’ हे ओळखणारी नजर आधीच तयार होती, आणि ती तयार केली होती शेंबडानं. पेनिसिलिनच्या गोष्टीत खिडकीतून उडत आलेल्या बुरशीचं कौतुक फार होतं. या तालमीचं होत नाही.

पुढचे काही आठवडे फ्लेमिंग आणि त्यांचे सहकारी व्ही. डी. ॲलिसन यांनी डोळ्यांतून पाणी काढण्यात घालवले. पिवळ्या जंतूंचं गढूळ पाणी नळीत घ्यायचं, त्यात अश्रूचा थेंब टाकायचा आणि बघायचं. बघता बघता नळीतलं पाणी नितळ व्हायचं. इतके अश्रू आणायचे कुठून? लिंबाची साल डोळ्यांत पिळून. आधी एकमेकांच्या, मग प्रयोगशाळेत येईल त्याच्या. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकानं १९२२ मध्ये यावर व्यंगचित्रही छापलं: अश्रू जमवण्यासाठी पोरांना रांगेत उभं करून रडवलं जातंय.

मग शोध सुरू झाला की हे द्रव्य आणखी कुठे कुठे आहे. लाळेत होतं, थुंकीत होतं, आईच्या दुधात होतं, रक्ताच्या पांढऱ्या पेशींत होतं. घामात आणि लघवीत नव्हतं. सगळ्यांत जास्त निघालं कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात. अंडं टरफलातून हवा घेतं, तरी दिवसेंदिवस सडत नाही, याचं एक कारण त्यात होतं. बलकाच्या या गुणाची चाहूल लाश्चेन्को या रशियन संशोधकाला १९०९ मध्येच लागली होती. नाक, डोळा, दूध आणि अंडं यांना एका सूत्रात ओवण्याचं काम मात्र फ्लेमिंगनी केलं. जंतू विरघळवणारं विकर म्हणून राइट यांनी त्याचं बारसं केलं: लायसोझाइम. ग्रीकमधून नावं पाडण्याची त्यांना भारी हौस होती.

डिसेंबर १९२१ मध्ये फ्लेमिंगनी मेडिकल रिसर्च क्लबात हे सारं वाचून दाखवलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध आला, त्यालाही थंड प्रतिसाद. फ्लेमिंग पुटपुटत बोलत, हे त्याचं एक कारण सांगतात. खरं कारण वेगळं होतं. लायसोझाइम हवेतल्या बहुतेक जंतूंना गारद करत होतं. पण पू करणारे, घसा धरणारे, माणूस आडवा करणारे जंतू त्याला फारशी दाद देत नव्हते. ज्याच्यामुळे कुणी आजारीच पडत नाही त्या जंतूला मारणाऱ्या पदार्थाचं डॉक्टरांनी करायचं काय?

हा हिशोब वरवर बिनतोड वाटतो, पण तो उलटा मांडलेला आहे, आणि हे फ्लेमिंगच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. नाक, डोळे, घसा आणि आतडं यांवर हा द्रव रात्रंदिवस पसरलेला असतो. त्यातून जो जंतू निभावून जातो तोच आपल्याला रोग देऊ शकतो. जो निभावत नाही त्याला आपण निरुपद्रवी म्हणतो. म्हणजे लायसोझाइमनं हरवलेले जंतू मुळात दुबळे होते असं नाही. त्यांचं दुबळेपण बऱ्याच अंशी लायसोझाइमनंच घडवलेलं आहे. गावात चोरी होत नाही म्हणून जागल्याला काढून टाकावं, तसला हा न्याय.

या उपेक्षित द्रव्याला पुढे आसरा मिळाला तो ऑक्सफर्डला. हॉवर्ड फ्लोरी यांना अंतस्त्वचेवरच्या बुळबुळीत थराचंच कुतूहल होतं: जठर आणि आतडं स्वतःलाच कसं पचवत नाही, आणि जंतूंना कसं आवरतं? त्या वाटेनं ते १९२९-३० पासून लायसोझाइमकडे वळले. १९३७ मध्ये एडवर्ड एब्रहॅम आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांनी ऑक्सफर्डमध्येच त्याचे स्फटिक मिळवले. जर्मनीतून आलेल्या अर्न्स्ट चेन यांच्यावर, हे विकर जंतूचं नेमकं काय तोडतं, ते शोधायचं काम आलं. ते उरकत आणताना जंतुनाशक द्रव्यांवरचं जुनं लिखाण चाळत असता चेन यांच्या हाती फ्लेमिंगचा १९२९ चा पेनिसिलिनवरचा निबंध लागला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळालं. त्या पारितोषिकात शेंबडाचा वाटा किती, हे कुणी मोजलेलं नाही.

चेन यांना सापडलेलं उत्तर हे, की लायसोझाइम जंतूची भिंत तोडतं. ही भिंत साखरेच्या लांब साखळ्यांची असते आणि साखळ्या एकमेकींना प्रथिनांच्या छोट्या दुव्यांनी जोडलेल्या असतात. दोन प्रकारच्या साखरा आलटून पालटून येतात. त्यांच्यामधला जोड लायसोझाइम कापतं. पुरेसे जोड तुटले की आतला दाब पेलवत नाही आणि जंतू फुटतो. कसं कापतं, ते १९६५ मध्ये डोळ्यांना दिसलं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटानं क्ष-किरणांनी कोंबडीच्या लायसोझाइमचा त्रिमिती आराखडा काढला. कुठल्याही विकराचा काढलेला हा पहिलाच आराखडा. १२९ अमिनो आम्लांची गुंडाळी, तिच्या पोटात एक खाच, आणि त्या खाचेत साखरेची साखळी नेमकी बसते. विकरं काम कशी करतात हे शिकवताना आजही हेच उदाहरण फळ्यावर येतं.

मग जबर जंतू यातून सुटतात कसे? स्टॅफिलोकॉकस ऑरिअस, म्हणजे गळू करणारा जंतू, आपल्या भिंतीतल्या साखरेला एक छोटा रासायनिक गट चिकटवतो, म्हणजे विकराला पकड मिळत नाही. इतर काही जंतू भिंतीवर आणखी एक पातळ आवरण चढवतात. ते फोडायला लॅक्टोफेरिनसारख्या दुसऱ्या प्रथिनांची मदत लागते. ती प्रथिनंही त्याच शेंबडात असतात. लायसोझाइम नाकात कधीच एकटं नसतं.

अंड्यातून ते स्वस्तात आणि भरपूर निघतं, तेव्हा उद्योगांचं लक्ष त्याच्याकडे गेलं नसतं तरच नवल. इटलीत ग्राना पादानो चीज महिनोन्‌महिने मुरतं. मुरताना आत वायू धरून ते फुगू नये म्हणून दुधात लायसोझाइम घालतात. युरोपच्या यादीत त्याचा क्रमांक आहे ई-११०५. जपानात त्याच्या गोळ्या सर्दी-खोकल्यासाठी कित्येक दशकं विकल्या गेल्या. फेरतपासणीत उपयोग सिद्ध झाला नाही, म्हणून २०१६ मध्ये त्या बाजारातून मागे घेतल्या. आपल्याकडे ‘इम्युनिटी’ची पाकिटं विकणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा असं फार वाटतं. जे नाकात फुकट वाहतं तेच गिळल्यानं नाकाला मिळेलच असं नाही.

आणि गोळ्या बाद झाल्या म्हणून विकर बाद झालं असंही नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक प्रयोग मला या साऱ्या कुळकथेतला सर्वांत समाधानकारक वाटतो. या उंदरांत पांढऱ्या पेशींतलं लायसोझाइम तयार करणारं जनुक बंद केलेलं होतं. त्यांच्या कातडीखाली टोचला तो मायक्रोकॉकस ल्युटिअस, म्हणजे फ्लेमिंगच्या बशीतल्या जंतूचाच भाऊबंद, ज्याला मारून काही उपयोग नाही असं सगळे म्हणत होते. साध्या उंदरांच्या मानानं या उंदरांना मोठी आणि जास्त काळ टिकणारी सूज आली. मेलेल्या जंतूच्या भिंतीचे तुकडे नीट मोडले गेले नाहीत, तर शरीर त्यांच्याशी भांडतच राहतं. म्हणजे लायसोझाइमचं काम मारण्यावर थांबत नाही. मारल्यानंतरचा राडा आवरणं हेही त्याच्याच वाट्याला आहे.

अंगात लायसोझाइम किती, हे शरीरावरच्या ताणानुसारही बदलतं. हा संबंध उघड दिसतो तो माशांत. माशाला पापण्या नाहीत, कोरडी कातडी नाही. आहे ती बुळबुळ, आणि तिच्यात लायसोझाइम. ट्राउट माशांना थोडा वेळ हाताळलं, की त्यांच्या रक्तातलं लायसोझाइम लगेच वाढतं. दाटीवाटीनं लांब नेलं, की उतरतं. क्षणाच्या धक्क्याला शरीर सज्ज होतं, लांबलेल्या जाचाला मात्र पुरं पडत नाही. त्यातच जाळ्याला घासून बुळबुळ निघाली, तर उघड्या कातडीवर बुरशी आणि जंतू बसायला वेळ लागत नाही. म्हणून मत्स्यशेतीत जाणते लोक मासा कोरड्या हातानं धरू देत नाहीत, आणि तळं बदलायच्या दिवशी पाण्यात माशांची गर्दी होऊ देत नाहीत.