सागवान, पितळ आणि खानदेशचं ऊन

शिरपुरात एखादा जुना फोटो स्टुडिओ बंद झाला की माळ्यावरून लाकडी प्लेट कॅमेरा खाली येतो. घरचे आधी त्याला चकाचक पॉलिश करून घेतात आणि मग किंमत विचारायला निघतात. तोवर किंमत बरीचशी पॉलिशपेपरखाली गेलेली असते.

१८३९ साली पॅरिसला दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा चित्र उमटायचं ते चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. १८५१ मध्ये आर्चरने काचेवर कलोडियन पसरण्याची रीत काढली. काच ओली आहे तोवर फोटो काढून, लगेच धुऊनही व्हायला हवा. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला रंगवत होते. पुढे त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या लेण्यांवरच्या पुस्तकात त्यांचे फोटो आले. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, तीत त्यांच्या कितीतरी नकला जळाल्या. फोटो मात्र उरले. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

१८७१ मध्ये मॅडॉक्सने कोरड्या प्लेटची वाट दाखवली. पुढे कारखान्यातली तयार काच खोक्यातून येऊ लागली, आणि तालुक्याच्या गावातही स्टुडिओ चालवणं शक्य झालं.

आता अडचण होती पेटीची. विलायती कॅमेरे बहुधा महोगनीचे. आपल्याकडच्या उन्हा-पावसात सरस सुटायचा, सांधे उघडायचे, फटीतून उजेड शिरून काच काळवंडायची. म्हणून सँडरसनसारख्या कॅमेऱ्यांचे ‘ट्रॉपिकल’ नमुने निघाले: सागवानी अंग, सांध्यांवर स्क्रूने आवळलेल्या पितळी पट्ट्या. शोभेची वाटणारी ही पितळ मुळात मे महिन्याशी झुंजण्यासाठी बसवलेली आहे. आज संग्राहक साध्या कॅमेऱ्यापेक्षा तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात, ते मला रास्त वाटतं. पुढे केरळात अलेप्पीला सागवानाचाच ‘वागीश्वरी’ तयार होऊ लागला आणि देशभरच्या स्टुडिओंत पोचला. त्याला अजून म्हणावा तसा मान मिळत नाही, याची मात्र खंत वाटते.

किंमत करताना आधी कंपनीचा पितळी बिल्ला पाहावा. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या लिलावात जिरूचा एक कॅमेरा सात लाख युरोंच्या वर गेला; त्या जातीच्या कॅमेऱ्यावर खुद्द दागेरची सही असलेली पट्टी असते. मग भिंग. डालमायर किंवा रॉसचं असेल तर कडेवरचा नंबर टिपून घ्यावा. त्यावरून साल काढता येतं. मग भाता. खोलीत अंधार करून आत लहान दिवा धरावा आणि भाता पूर्ण ताणावा. घड्यांच्या कोपऱ्यांत उजेडाचे ठिपके दिसले तर तिथे भोकं आहेत. काच धरणारी लाकडी घरं त्याच कॅमेऱ्याची असली तर भाव चढतो.

नुसतं भिंग मागणाऱ्या दलालाला उभं करू नये. भिंग गेलं की उरलेल्या पेटीला शोभेच्या वस्तूचा भाव येतो. स्टुडिओची पावतीबुकं, गिऱ्हाइकांच्या नोंदवह्या, जुन्या निगेटिव्ह काचा कॅमेऱ्यासोबतच ठेवाव्यात. एरवी या काचा धुऊन फोटोफ्रेमला वापरल्या जातात, आणि मग तो कॅमेरा शिरपूरचाच होता हे दाखवायला हाती काही राहत नाही.