न उभारलेल्या घरांचा इतिहास

वाङ्मयेतिहास शिकविताना आम्ही एक क्रम गृहीत धरीत आलो आहोत : आधी संहिता, मग वाचक, मग समीक्षा. दोन वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने 'भयकथेचा वाचक' या विषयावरील निबंधासाठी काही टिपणे आणली. अमेरिकेतील मनोरंजन-उद्यानांत हॅलोविनच्या सुमारास जे झपाटलेले भुलभुलय्ये उभारले जातात, त्यांविषयी तिथले रसिक महिनोन्‌महिने आधी जे तर्क लढवितात, त्यांची ती टिपणे होती. आम्ही ती परत केली. जे अद्याप उभेच राहिलेले नाही त्याचे वाचन ते कसले, असा आमचा आक्षेप होता. तो आक्षेप आज आम्हांला टिकाऊ वाटत नाही. त्याचे कारण या प्रथेच्या इतिहासात आहे.

आरंभ एका बंद दारापासून करावा लागतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये 'हाँटेड मॅन्शन' या वास्तूचा दर्शनी भाग १९६३ साली बांधून पूर्ण झाला. परंतु आत काय दाखवायचे याचा निर्णय होईना. बाहेर एक फलक लावण्यात आला. निवृत्त होऊ इच्छिणाऱ्या भुतांना येथे राहावयास यावे, असे त्यावर गमतीने सुचविले होते. पुढे १९६६ च्या डिसेंबरात वॉल्ट डिस्ने निवर्तले आणि वास्तू खुली झाली ती थेट ९ ऑगस्ट १९६९ रोजी. मधली सहा वर्षे लोक त्या बंद दाराकडे पाहत राहिले, आणि लोकांनी ते दार आपल्या कल्पनेने उघडले. आत शिरलेला एक पाहुणा भीतीने हृदय बंद पडून दगावला, म्हणूनच उद्घाटन लांबले, अशी आवई उठली. तिला कसलाही आधार नव्हता. मात्र तिच्यामागचा तर्क लक्षात घेण्याजोगा आहे : दार बंद आहे त्याअर्थी आतले भय आपल्याला सोसण्यापलीकडचे असणार. निर्मात्यांची अडचण प्रेक्षकांनी कलाकृतीचा गुण म्हणून वाचली. पुढे येणाऱ्या सर्व तर्कांचे मूळ आम्हांला या आवईत दिसते.

हॅलोविनचा हंगामी उत्सव म्हणून या प्रकाराला आकार आला तो त्याच राज्यातील नॉट्स बेरी फार्म या उद्यानात. वॉल्टर नॉट यांच्या बोरीच्या मळ्याशेजारी १९४० पासून 'घोस्ट टाउन' नावाची जुन्या पश्चिमेची प्रतिकृती उभी राहत गेली होती. १९७३ साली तीन रात्रींसाठी तिथे भुताखेतांचा पोशाख केलेली माणसे सोडण्यात आली, आणि त्या तीन रात्रींचा वार्षिक हंगाम झाला. फ्लॉरिडातील ऑरलँडो येथे युनिव्हर्सल स्टुडिओजने १९९१ साली 'फ्राइट नाइट्स' या नावाने असाच प्रयोग केला. तोही तीनच रात्रींचा, आणि त्यात भुलभुलय्या एकच होता. पुढच्याच वर्षी उत्सवाला 'हॅलोविन हॉरर नाइट्स' हे नाव मिळाले. २०२५ साली तिथे दहा भयगृहे होती आणि हंगाम ऑगस्टअखेरीसच सुरू झाला होता. (कॅलिफोर्नियात त्यांना 'मेझ' म्हणतात, ऑरलँडोत 'हाउस'. या भेदाविषयी जाणकार फार हळवे असतात. आम्ही दोन्ही शब्द एकाच अर्थी योजीत आहोत.)

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हंगाम संपला की ही घरे मोडली जातात. चित्रीकरणाच्या गोदामांत वा तात्पुरत्या तंबूंत उभारलेले सारे नेपथ्य काढून टाकून जागा मोकळी केली जाते. नाटकाची निदान संहिता मागे राहते. येथे सामान्य प्रेक्षकाच्या हाती तीही येत नाही. म्हणून या कलेचा रसिक एका विचित्र स्थितीत असतो : मागील वर्षाचे घर आता नाही आणि पुढील वर्षाचे अजून नाही. या दोन अभावांच्या मधल्या काळात तो तर्क करतो.

हा तर्क म्हणजे नुसती स्वप्नरंजने नव्हेत. त्याची एक पद्धती आहे. फ्लॉरिडात सार्वजनिक अभिलेख पाहण्याचा नागरिकांचा हक्क १९९२ च्या मतदानाने राज्यघटनेतच समाविष्ट झाला. त्यामुळे बांधकामासाठी नोंदवावी लागणारी कागदपत्रे कोणालाही पाहता येतात. त्यांत घराचे खरे नाव नसते, सांकेतिक नाव असते. मग त्या सांकेतिक नावाचा कूटार्थ लावायचा, बोधचिन्हांच्या नोंदणीसाठी आलेले अर्ज चाळायचे, शरद ऋतूत कोणता भयपट येणार आहे व त्याचे हक्क कोणाकडे आहेत हे पाहायचे, आणि गेल्या वर्षीच्या घरात भिंतीवर दिसलेले एखादे नाव त्याच्याशी जोडायचे, अशी ही रीत असते. एवढे जमले की उद्यानाचा नकाशा काढून कोणत्या गोदामात कोणते घर असेल ते मांडले जाते. २०१८ च्या 'स्लॉटर सिनेमा' या घराने 'केरी' नामक गावातील एक जुने उघडे चित्रपटगृह कल्पिले होते. हे गाव उत्सवाच्या स्वतःच्या कथाविश्वात अनेकदा भेटते, म्हणून त्याचा पुढचा भाग येणार अशी आस रसिकांनी धरली. तो भाग २०२४ साली आला. पूर्वसूत्रे जुळवून उत्तरभागाचे अनुमान करणे हे वाचकाचेच काम नव्हे काय?

परंतु अनुमानाला इतिहास कसा छेद देतो याचे उदाहरण २००१ चे आहे. आदल्या वर्षी 'जॅक' हा विदूषक या उत्सवाचा नायक म्हणून विलक्षण गाजला होता. त्याचा भाऊ 'एडी' याला २००१ साली पुढे आणण्याची योजना होती. ११ सप्टेंबरचे हल्ले झाले. उत्सव अवघ्या काही आठवड्यांवर आला होता. रक्त आणि छिन्नविच्छिन्न देहांची दृश्ये वगळण्यात आली, काही नावे बदलली, एडी मागे पडला आणि परिचित जॅकच पुन्हा उभा राहिला. कृत्रिम भय हे खऱ्या भयाच्या परवानगीनेच जगते, हे त्या वर्षी स्पष्ट झाले. एडी मात्र नाहीसा झाला नाही. जो आलाच नाही त्याची आठवण रसिकांनी जपली. घडलेल्या गोष्टींइतकाच न घडलेल्या गोष्टींचाही इतिहास असतो, हे आम्हांला येथे जाणवले.

२०२० साली महासाथीमुळे ऑरलँडोचा उत्सव रद्द झाला. घरांची तयारी झालेली होती. त्या ऑक्टोबरात त्यांपैकी दोन, आणि अखेरच्या दिवसांत तिसरे, मर्यादित स्वरूपात उघडण्यात आली. ती तिन्ही २०२१ च्या हंगामात पुन्हा आली. म्हणजे २०२० चा उत्सव हा असा ग्रंथ ठरला, की ज्याची काही प्रकरणे छापली गेली, परंतु ग्रंथ म्हणून तो कधीच प्रसिद्ध झाला नाही. त्याविषयी बोलायचे तर अनुमानाचा आधार घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

वाङ्मयात याला पूर्वाधार नाही असे नाही. चार्ल्स डिकन्स १८७० साली वारले तेव्हा 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' या कादंबरीच्या नियोजित बारा भागांपैकी सहाच लिहून झाले होते. उरलेल्या सहांची रचना गेली दीडशे वर्षे अभ्यासक करीत आहेत, आणि त्याला आपण निःशंकपणे संशोधन म्हणतो. भयगृहांच्या रसिकाला तो मान न देण्याचे कारण त्याच्या पद्धतीत नसून विषयाच्या प्रतिष्ठेत आहे, ही कबुली आम्हांला दिली पाहिजे.

एक गंभीर आक्षेप मात्र उरतो. ही सारी खटपट उद्यानाची फुकट जाहिरात ठरते. नावे एकेक करून, आठवड्यांच्या अंतराने जाहीर केली जातात. कुतूहल तेवते राहिले की तिकिटे खपतात, हे चालकांना ठाऊक आहे. हा आक्षेप खरा आहे. पण मासिकातील क्रमशः कादंबरीचे अर्थकारण तरी याहून कोठे वेगळे होते? वाचकाची उत्कंठा विकली जाते म्हणून ती खोटी ठरत नाही.

खरा धोका आम्हांला दुसरीकडे दिसतो. कागदावरून सिद्ध झालेले, सूत्रांवरून अनुमानलेले आणि केवळ मनापासून हवेसे वाटलेले, या तिन्ही गोष्टी एकाच नकाशावर शेजारीशेजारी बसतात. काही वर्षांनी त्यांतले अंतर पुसले जाते, आणि कधीच न योजलेले घर 'रद्द झालेले घर' म्हणून उद्धृत होऊ लागते. जुन्या पोथ्यांत समासातली टीप नकलकाराच्या हातून ओवीत शिरते, तसेच हे क्षेपक. आणि घर तर मोडलेले असते. ताडून पाहावयास मूळ प्रत नसते. डिस्नेलँडच्या दारामागे मेलेला तो पाहुणा अशाच क्षेपकांपैकी पहिला.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आम्ही पुन्हा बोलावले. टिपणे स्वीकारली, एका अटीवर : प्रत्येक नोंदीपुढे ती अभिलेख आहे, अनुमान आहे की इच्छा आहे, हे लिहावे. पंधरा दिवसांनी त्याने वही आणून दिली. इच्छांचा रकाना सर्वांत मोठा होता. त्याची त्याला थोडी लाज वाटत होती. आम्हांला मात्र भयकथेच्या वाचकाविषयी सर्वाधिक सांगणारा भाग तोच वाटला.